पिठावरचा तेर्स

आमच्या घरात दिवस दोनदा सुरू व्हायचा. एकदा पहाटे, पापा भट्टीत माडाची वाळकी चुडतं पेटवायचा तेव्हा, आणि एकदा दिवेलागणीला, इगर्जीची, म्हणजे चर्चची घंटा वाजली की. पहाटेच्या सुरुवातीला काही अर्थ होता. चुडतं कडकड वाजायची, भट्टीच्या तोंडातून लाल उजेड अंगणातल्या माडांवर पडायचा, आणि थोड्या वेळाने पावाचा वास तारकर्लीच्या वाटेवरून मालवणच्या बाजाराकडे निघालेल्या माणसांना गाठायचा. आम्ही पादेर, म्हणजे पाव भाजणारे. पापा आणि माझा भाऊ जुझे पाव घेऊन बाजारातल्या हॉटेलांकडे जायचे, पापा डोक्यावर टोपली घेऊन आणि जुझे सायकलवर भोंगा वाजवत. मी चौथीपर्यंत शिकून घरी बसले होते. बसले म्हणायचं, बसायला कुणी देत नव्हतं.

संध्याकाळच्या सुरुवातीला मात्र काही अर्थ उरला नव्हता. घंटा वाजली की असाल तिथे क्रूस काढायचा, आल्तारावरचा दिवा लावायचा आणि चटईवर गुडघे टेकून तेर्स म्हणायचा. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पन्नास नमान, म्हणजे मरियामातेची छोटी प्रार्थना, दर दहानंतर एक ‘आमच्या बापा’, शेवटी लदाईन, तिच्या नावांची विनवणी, आणि ते संपलं की मुलांनी मोठ्यांपुढे हात जोडून बेसांव मागायचा, म्हणजे आशीर्वाद. आमचा आल्तार म्हणजे भिंतीतला एक लाकडी खण, त्यात सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, हाताएवढी मूर्ती आणि मागच्या नाताळची कागदी फुलं. तेर्साला आघाडी मायची, म्हणजे अर्धी नमान तिने म्हणायची आणि उरलेली आम्ही उत्तरात. तिला चुलीवरची पेज दिसत असायची, त्यामुळे ती नमान अशी म्हणायची की पहिला आणि शेवटचा शब्द तेवढा ओळखू यायचा. पापा पहाटेचा उठलेला. दुसऱ्या दशकापर्यंत त्याची हनुवटी छातीला टेकायची आणि उत्तराऐवजी घोरणं यायचं. जुझे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो सायकलच्या चेनचं तेल नखांतून कोरत बसायचा. प्रार्थनेची भाषा गोव्याच्या पाद्रींची कोकणी, आम्ही घरात बोलायचो मालवणी आणि शाळेत शिकवलेली मराठी. तेर्सातले अर्धे शब्द कळायचे, अर्धे कळायचे नाहीत, आणि कुणी विचारायचंही नाही. माझं म्हणाल तर मी पालींवर लक्ष ठेवायची. दिव्यापाशी दोन पाली यायच्या आणि एकच किडा असला की भांडायच्या. तेर्सात बघण्यासारखं तेवढंच होतं.

आता माझी सून मोबाईलवर तेर्स लावते. गळा तयार केलेली कुणी बाई पुढचंही म्हणते आणि उत्तरही तीच देते. सून तोवर कांदा चिरते. मी काही बोलत नाही. आम्ही निदान तोंड हलवायचो, एवढंच.

तेर्साच्या आड यायचं ते पीठ. पाव पहाटे भाजायचा असला तर पीठ संध्याकाळीच मळून ठेवावं लागतं. मैदा, मीठ, पाणी आणि फुगायला माडी. त्या वेळी दारूबंदी होती. माडी प्यायला मिळत नसे, म्हणजे उघडपणे मिळत नसे, आणि पोलिसाला हे पटवणं कठीण की आमच्या मडक्यातली माडी पिठासाठी आहे. म्हणून मडकं आल्ताराच्या खाली पडद्याआड असायचं. पोलीस यायचा, सायबिणीला बघून टोपी काढायचा, इकडेतिकडे बघायचा आणि चार पाव घेऊन जायचा. त्या पावांना माडीचा वास येत नव्हता असं नाही. तर हे पीठ मळायची वेळ आणि घंटेची वेळ एकच. माय म्हणायची आधी तेर्स, पापा म्हणायचा आधी पीठ. बहुतेक दिवस पापा पीठ घाईघाईने अर्धवट मळून हात पुसत चटईवर यायचा. पीठही अर्धं आणि तेर्सही अर्धा.

एका संध्याकाळी माडीवाला उशिरा आला. घंटा वाजली तेव्हा पीठ नुकतं डोणीत ओतलेलं होतं. डोण म्हणजे फणसाच्या लाकडाची लांबट कोरलेली काथवट, माणूस झोपेल एवढी. पापा म्हणाला, “आज तेर्स ऱ्हवांदे. पीठ ऱ्हवाचा नाय.”

माय दिवा घेऊन उभी होती. “देवाक थांबवतंस,” ती म्हणाली, “आणि पिठाक थांबवूक जमणा नाय?”

तो पिठात हात घालून उभा राहिला. ती दिवा घेऊन तशीच उभी. मला ठाऊक होतं की आता पेज निवणार, जेवताना कुणी कुणाशी बोलणार नाही आणि सुका बांगडा भाजायचा राहून जाणार. मला बांगडा हवा होता. मी डोणीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पिठात हात घातले आणि मोठ्याने पहिली नमान सुरू केली. भक्तीबिक्ती काही नव्हती. पण अर्धी नमान म्हणताना मी पीठ पुढे ढकललं, आणि पापाने उत्तर देताना ते दुमडून मागे ओढलं. त्याचे हात आयुष्यभर तेच करत आले होते. तोंड हातांबरोबर चाललं. दुसऱ्या नमानेला आम्ही दोघं बरोबर होतो. पाचव्या-सहाव्याला जुझेसुद्धा येऊन डोणीच्या टोकाला उभा राहिला, कारण बाहेर उभं राहणं त्याला चमत्कारिक वाटलं असावं. मायने दिवा आल्तारावर ठेवला, गुडघे टेकले आणि माळ हातात घेतली. हात पिठात असताना आम्हाला माळ धरता येणार नव्हती, तेव्हा मोजणं तिच्याकडे. पापा त्या दिवशी झोपला नाही. उभ्या माणसाला, हात चालत असताना, झोप येत नाही.

तेर्स संपला तेव्हा पीठ तयार होतं. मऊ, ताणलं तर न तुटणारं. मी हात जोडून बेसांव मागितला आणि पापाने पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. माय ओरडली की आता केस धुवायला पाणी कुठून आणू. सगळे हसले. आमच्या घरात तेर्सानंतर कुणी हसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मायला दोन दिवस चैन पडलं नाही. गुडघे न टेकता म्हटलेला तेर्स देवाला पोचतो का, हे विचारायला ती पाद्रीकडे गेली. पाद्री म्हातारा होता. त्याने सांगितलं, हात कामात असू देत, जीभ मोकळी आहे ना, मग पोचतो. तेव्हापासून तसंच चालू झालं. रोजच्या रोज घंटेला पीठ आणि पिठावर तेर्स. मी त्यात माझी भर घातली. दर दशकाला कुणासाठी म्हणायचं ते आधी सांगायचं. आज पहिलं दशक अमक्याच्या होडीसाठी, दुसरं तमकीच्या बाळंतपणासाठी. कळत नव्हते ते शब्द मी पाद्रीला विचारून आले आणि घरी सांगितले. ‘कुर्पा’ म्हणजे कृपा हे पापाला इतक्या वर्षांनी कळलं, तेव्हा तो म्हणाला, असा होय, मी समजा होतंय काय्यतरी खावचा आसतला.

लदाईन आम्ही सुरात म्हणू लागलो. आवाज वाटेवर जायचा. आधी शेजारची दोन क्रिस्तांव घरं येऊन अंगणात बसू लागली, मग आणखी. शेवंतीकाकी म्हणून एक गाबतीण होती, मासे विकून परत जाताना आमच्या पायरीवर टोपली टेकवायची. तिचा आमच्या देवाशी काही संबंध नव्हता, पण तिला लदाईन आवडायची. ती एकदा म्हणाली, “फिलू, तुमचो देव पिठात ऱ्हवता काय गो?”

“ऱ्हवता. म्हणान तर तू आमचो पाव खातंस.”

“मगे माझ्या पावात जरा जास्त घाल. माझ्या घोवाक अक्कल येवंदे.”

आणि पाव सुधारला. हॉटेलवाले म्हणू लागले, पादेरा, काय केलंस, पाव हलका झालाय. पापा म्हणायचा सायबिणीची कुर्पा. मला ठाऊक होतं की पूर्वी तो एकटा थकल्या हातांनी अर्धवट मळायचा आणि आता तीन माणसं रोज पुरेपूर मळत होती. पण ते मी बोलून दाखवलं नाही. दोन्ही खरं असेल, असं मी धरून चालले. तेव्हा मी पंधरा वर्षांची असेन. दोन्ही खरं असू शकतं असं वाटायचं ते वय.

माझ्या मनात होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला भट्टी हवी होती. जुझेला पिठाचा कंटाळा. त्याला यंत्रं हवी होती. बाजारात मोटार बंद पडली की तो पाव विकायचे विसरून तिच्याखाली घुसायचा. पाव आणि भट्टी मला यायची. पीठ कधी आलं ते बोट दाबून कळायचं, भट्टी तापली की नाही ते तोंडाशी हात धरून कळायचं. अडचण एकच. आमची भट्टी पापाच्या आज्याने त्याच्या उंचीने बांधलेली. तिचं तोंड माझ्या खांद्याला यायचं. लांब दांड्याच्या फळीवर पाव ठेवून आत सरकवायचे तर मला पाटावर चढावं लागायचं, आणि पाट डुगडुगायचा. पादेराची भट्टी मुलीकडे जात नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण पिठावरचा तेर्स सुरू झाल्यापासून पापा माझ्याशी वेगळं बोलू लागला होता. भट्टीच्या तळाखाली मीठ आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा का घालायच्या, घुमटाला माती कुठली घ्यायची, हे त्याने मला सांगितलं. जुझेला कधी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी तेर्स झाल्यावर त्याने मला भिंतीशी उभं केलं. हातात झाडूतली हीर होती. म्हणाला, “सरळ ऱ्हव. कोपर वाकव.” मी वाकवलं. त्याने हीर जमिनीवर उभी धरली आणि माझ्या कोपरापाशी मोडली. मी विचारलं, कित्याक? तो म्हणाला, “भट्टीचा तोंड तुझ्या मापाचा होया. पाटार चढान किती दिस भाजतलंस?”

त्या रात्री मी सुखात झोपले. तसं सुख मला लग्नातही झालं नाही, आणि माझा नवरा बरा माणूस होता.

मग काचा गोळा करायला सुरुवात झाली. पापा म्हणाला, सावंतवाडीला एका पादेराची भट्टी खचलीय, ती आधी बांधून देतो, मग आपली. मी आणि मायने विहिरीवर बसून औषधाच्या, सोड्याच्या फुटक्या बाटल्या धुतल्या. मैद्याचं एक फाटकं गोणपाट होतं, त्याला मी निळ्या कापडाचं ठिगळ लावलं आणि काचा त्यात भरल्या. माय त्या दिवशी फार कमी बोलली. तिला बोट कापल्यासारखं झालं होतं, पण बोट कापलं नव्हतं. मी बघितलं होतं. पापा गोणपाट घेऊन लाल गाडीने गेला, आठ-दहा दिवसांनी परत आला. नखांत तांबडी माती होती. मी विचारलं, झाली? तो म्हणाला, झाली, बरी झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मादर आली. घाटावरच्या एका गावात मठ होता, मुलींची बोर्डिंग शाळा होती आणि मुलांना यंत्रकाम शिकवायचा कारखाना होता. त्या मठाची ही मुख्य. उंच बाई, बाहेरगावची, मराठी शाळेच्या पुस्तकासारखी बोलायची. पाद्री तिला घेऊन आला. घंटा वाजली, आम्ही पिठात हात घातले, अंगण माणसांनी भरलेलं होतं. मी आघाडी घेतली. त्या दिवशी आम्ही फार चांगला म्हटला, हे खरं आहे. शेवंतीकाकीने मासे विकायचे बाकी ठेवून लदाईन ऐकली. मादरने डोळे मिटले होते. संपल्यावर तिने माझे हात हातात घेतले, पीठ लागलेले, आणि ते उलटसुलट करून पाहिले. मला तेव्हा ती माया वाटली.

“तुला देवाची हाक ऐकू येते का, मुली?”

मी खरं ते सांगितलं. “माका भट्टी होयी.”

पाद्रीने तिला मराठीत सांगितलं. ती हसली. म्हणाली, “भट्टीसुद्धा मिळेल.” अंगणातली माणसं हसली. पापा सगळ्यांपेक्षा जोरात हसला आणि डोणीतलं पीठ, आधीच मळून झालेलं, पुन्हा मळू लागला.

दोन दिवसांत ठरलं. मायने सांगितलं, पाद्री म्हणतो तुला हाक आहे, सिस्टर व्हायची. ज्या मुलीने अख्ख्या वाडीला गुडघ्यावर आणलं तिला हाक नाही तर कुणाला. मी म्हटलं, गुडघ्यावर कुणी नव्हतं, आम्ही तर उभे होतो. माय म्हणाली, उलटं बोलू नको. जुझेला त्याच गावात कारखान्यात घेणार होते. दोघं भावंडं एकत्र जातील, एकमेकांना आधार. मी पापाला भट्टीपाशी गाठलं आणि विचारलं की मी गेले तर हिचं काय. तो म्हणाला, “बघून ये. नाय गमला तर परत ये. भट्टी खंय जाता?” मी निघाले ती त्या वाक्यावर. एस.टी.च्या थांब्यावर मी बेसांव मागायच्या आधीच त्याने हात माझ्या डोक्यावर ठेवला होता.

घाटात मी दोनदा ओकले. मठात पोचलो तेव्हा दुपार होती. जुझेला कारखान्याकडे नेलं, मला एका हसऱ्या सिस्टरने घर दाखवलं. चॅपेल, जेवायची खोली, मुलींच्या खाटा. मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याची पडवी. ती म्हणाली, ही बघ तुझी जागा. पडवीत भट्टी होती. कोरी. घुमटाची माती अजून काळी झालेली नव्हती. मी जवळ गेले. सवयीने पाट कुठे आहे म्हणून खाली बघितलं. पाट नव्हता. मी हात पुढे केला, आणि भट्टीचं तोंड माझ्या कोपराला आलं. बरोबर कोपराला. जरा वर नाही, जरा खाली नाही. कोपऱ्यात एक गोणपाट पडलं होतं, त्याला निळं ठिगळ होतं.

माणसाला सगळं एकदम कळतं असं नाही. मला आधी वाटलं, पापा इथे आला होता, मग सांगितलं का नाही? मग वाटलं, सावंतवाडीची भट्टी बांधून तो पुढे इथे आला असेल. गोणपाट बघत मी बराच वेळ उभी होते. सिस्टर म्हणाली, छान आहे ना? मी म्हटलं, छान आहे. ती छानच होती. आमच्या भट्टीपेक्षा चांगली. पापाने आयुष्यात बांधलेली सगळ्यात चांगली भट्टी, आणि ती त्याने मादर माझी हाक तपासायला येण्याआधी बांधली होती.

त्याच संध्याकाळी चॅपेलची घंटा झाली. सगळ्याजणी तेर्साला निघाल्या, मीही निघाले. हसऱ्या सिस्टरने मला थांबवलं. बोर्डिंगच्या मुलींना सकाळी पाव लागतो, पीठ आत्ताच मळायला हवं. “तू पिठाकडे जा,” ती म्हणाली, “तुझा तेर्स आम्ही म्हणू.” आणि त्यांनी म्हटला. पडवीत ऐकू यायचा. शिकलेले, स्वच्छ आवाज. मी एकटी पीठ मळत होते आणि माझ्या वाट्याची नमान पलीकडे भिंतीआड कुणीतरी म्हणत होतं. रोज. ज्या तेर्सासाठी मला आणलं असं सगळे म्हणत होते, त्या तेर्साला मी तिथे एकदाही बसले नाही. रविवारच्या उपासनेला, मिसाला, तेवढी बसायची, मागच्या बाकावर.

एका रविवारी जुझे भेटायला आला. निळ्या कपड्यांत, ग्रीसचा वास मारत, खूश. मी त्याला भट्टी दाखवली आणि विचारलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, “होता. पापान सांगल्यान गप ऱ्हव म्हणान.” मग भट्टीच्या तोंडाकडे बोट करून म्हणाला, “थंय तुका पाट लागा होतो. हंय पाटाची गरज नाय. वायट काय झाला तुझा?” तो वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. कारखान्यात घ्यायला त्याची चौथीही नीट झालेली नव्हती. त्याची जागा कशावर उभी होती ते मला त्या दिवशी कळलं. ती माझ्या दोन हातांवर उभी होती.

मी पावसाळा काढला. घाटावरचा पाऊस आमच्यासारखा नाही, तो नुसता पडत राहतो, आणि थंडी. माडी तिथे नव्हती. आंबवण दुसरंच, त्याचा वास मला शेवटपर्यंत आवडला नाही. पण पाव मी चांगला केला. वाईट पाव मला करता येत नाही. नाताळ जवळ आला तेव्हा मादर पडवीत आली आणि म्हणाली, आता तुझा पुढचा विचार व्हायला हवा, तुला हाक स्पष्ट झाली का?

मी हात धुतले आणि तिला मराठीत सांगितलं, जेवढी नीट येत होती तेवढी. “मादर, ह्या भट्टीचं तोंड माझ्या कोपराला बरोबर येतं. देवाने माझं माप कधी घेतलं?”

ती भट्टीकडे बघत राहिली. मग माझ्या कोपराकडे. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली, मैद्याच्या पोत्यावर, पांढऱ्या झग्यानिशी. “तुझे वडील म्हणाले, तुला सगळं ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुझीच इच्छा आहे म्हणाले.”

त्याआधी मी मनात दोष सगळ्यांना थोडा थोडा वाटून दिला होता. थोडा मादरला, थोडा पाद्रीला, थोडा मायला. त्या वाक्यानंतर वाटणी राहिली नाही. सगळा एकाच माणसाकडे गेला. मादरने मला अडवलं नाही. दुसऱ्या एका मुलीला काम शिकवून जा म्हणाली, आणि जुझेच्या जागेला धक्का लागणार नाही म्हणाली. तो शब्द तिने पाळला. त्या बाईबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की तिने माझे हात बघितले ते उघड सगळ्यांसमोर बघितले.

मी घरी पोचले ती संध्याकाळची गाडी होती. तारकर्लीच्या वाटेवर आले तर घंटा वाजली. अंगणात कुणी नव्हतं. मी गेल्यावर माणसं यायची थांबली होती. आत पापा एकटा डोणीशी उभा आणि माय चटईवर, माळ हातात. दोघांनी मला पाहिलं. पापा बाजूला सरकला, मला डोणीशी जागा झाली. मी सामान ठेवलं, हात धुतले आणि पिठात घातले. हातांना कुठे जायचं ते ठाऊक असतं.

मी विचारलं, “हीर खंय टाकलंस?”

तो पीठ ओढत राहिला. मग म्हणाला, “जुझेक मशीन होया होता. तुका भट्टी होयी होती. दोघांकय मेळला.”

“माका ही होयी होती,” मी म्हटलं.

मायने तेव्हा क्रूस काढून तेर्स सुरू केला. तिला दुसरं काही बोलायचं असेल तर ते ती मरेपर्यंत बोलली नाही. तिने पहिली अर्धी नमान म्हटली, पापाने उत्तर दिलं, आणि तो थांबला, माझा आवाज यायची वाट बघत. मी पीठ ढकललं. पुन्हा नमान, पुन्हा तो थांबला. मी म्हटलं, मी पीठ मळूक इलंय. मग तो एकटाच उत्तर देत राहिला, आणि त्याचा ठेका चुकू लागला, कारण माझे हात त्याच्या शब्दांबरोबर चालत नव्हते. ते पिठाबरोबर चालत होते. मी न मोजता मळलं. बोट दाबून बघितलं, पीठ आलं होतं, तेव्हा थांबले. त्यांचं चौथं दशक चालू होतं.

लदाईन झाली. माय उठली. पापाचा हात सवयीने वर आला, पिठाने पांढरा, माझ्या डोक्याच्या उंचीला. मी बेसांव मागितला नाही. मी विहिरीवर हात धुवायला गेले. परत आले तेव्हा तो हात कपड्याला पुसत होता.

आज मी तेर्स म्हणते. रोज म्हणते, एकटी, हात मांडीवर ठेवून, पिठापासून लांब. सून विचारते, एवढा मोबाईल आहे तर तोंडाने कशाला म्हणता. मी सांगते, माझा तेर्स दुसऱ्याने म्हटलेला मला चालत नाही. तिला त्यातलं काही कळत नाही, आणि कळावं असंही नाही. भट्टी पुढे माझ्याकडेच आली, जुझे मुंबईला गेला आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून आली. तिचं तोंड मी खाली केलं नाही. पाटावर चढूनच भाजलं, गुडघे गेले तोवर.

पण मठातून घरी परतले त्याच्या दुसऱ्या पहाटेचं सांगते. भट्टी तापवली, मी पाटावर चढले आणि पाव आत सरकवले. पापा बाजूला उभा राहून वाट बघत होता. पाव बाहेर आले. त्याने पहिला पाव उचलला, बोटं भाजत होती तरी मधोमध मोडला, आतली जाळी बघितली, वास घेतला. पाव फुगला होता. अगदी तसाच, तेर्सावर मळलेला फुगायचा तसा. त्याने दोन्ही अर्धे परत टोपलीत ठेवले, मोडलेली बाजू खाली करून. माझ्या तेर्सावाचून मळलेला तो पाव न फुगता बसला असता तर त्याला बरं वाटलं असतं. मलाही.